भिंतीवरचा वाकडा खांब

वहिनींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठल्या की आधी काजळी घोटायला बसायच्या. दिव्याची काजळी, डिंकाचं पाणी आणि दगडी बत्ता. नीट घोटली नाही तर काळा रंग भिंतीवर करडा दिसतो आणि वाळल्यावरही बोटाला लागतो. घोटण्यात त्यांनी कधी चालढकल केली नाही. साडेपाचला बादली, कुंचले आणि लाकडी घडवंची घेऊन त्या जुन्या गोदामाच्या भिंतीशी हजर असायच्या. भिंत उगवतीच्या अंगाला. ऊन चढलं की रंग पसरायच्या आत सुकतो. शिवाय सातला कारखान्याची पाळी बदलायची आणि येणारे-जाणारे त्याच रस्त्याने जायचे. त्यांच्या आधी भिंत तयार हवी.

मी त्यांचा धाकटा दीर. जन्मभर परांच्या बांधल्या. उंच भिंतीवर काम करणाऱ्यांना उभं राहायला बांबूचे मजले लागतात, ते. आता गुडघे गेले. वहिनींबद्दल लिहायला बसलो, कारण नंतर जे लिहिलं-बोललं गेलं त्यात कोणी त्यांना देवी केलं, कोणी वेडी. त्या पाट्या रंगवायच्या. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, 'इथे थुंकू नये'. धंदा माझ्या भावाचा, पण हात वहिनींचा चांगला, हे भाऊच चारचौघांत सांगायचा. तो गेल्यावर त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही. हौस एकच, स्वतःचं दुकान. दुकानाची पाटी त्यांनी आधीच रंगवून ठेवली होती, निळ्यावर पिवळी अक्षरं. ती घरात भिंतीकडे तोंड करून उभी असायची.

"बाजारात तुरी, वहिनी," मी म्हणायचो.

"पाटी माझ्या हातात आहे भाऊजी. दुकान नाही. जे हातात आहे ते करून ठेवलं."

भिंतीची कल्पना बातमीदाराची. तो शहरातल्या वर्तमानपत्रात होता. ते बंद पडलं तसा कारखान्याबाहेरच्या वजनकाट्यावर बसायला लागला. त्याच्याकडे बातम्या होत्या, कागद नव्हता. वहिनींकडे रंग होता. गोदाम रिकामं पडलेलं आणि त्याचा मालक लांब राहणारा. आठवड्याला एक चित्र ठरलं, खाली बातमीदाराच्या चार ओळी. दोघांचे नियम कडक होते. दोन तोंडून ऐकल्याशिवाय तो लिहायचा नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहिनी काढायच्या नाहीत. दोघांचं जुळलं नाही तर तेवढी चौकट कोरी सोडायची.

भिंतीचा उजवा अर्धा भाग लोकांसाठी. तिथे खिळ्याला दोरीने कोळशाचा तुकडा बांधलेला. ज्याला जे म्हणायचं ते त्याने लिहावं. आठवडा संपेपर्यंत कोणी कोणाचं पुसायचं नाही. आठवडा संपला की वहिनी चुन्याचे दोन हात द्यायच्या आणि भिंत पुन्हा पांढरी.

पहिलं चित्र नळाचं होतं. नळावरच्या बायका, हंडे, आणि मधूनच फाटा फुटलेली एक नळी कारखान्याच्या साहेबांच्या बागेत गेलेली. लोकांनी लिहिलं, त्याखाली उलट लिहिलं. एकमेकांशी बोलणं टाकलेली माणसं भिंतीवर भांडली आणि मग रस्त्यावर बोलायला लागली. लिहिता न येणाऱ्या एका म्हाताऱ्याने कोळशाने नुसती चप्पल काढली. कोणासाठी, ते सगळ्यांना कळलं. नळाची वेळ वाढली. तेव्हापासून लोक विचारायला लागले, "भिंतीवर आलं का?" भिंतीवर आलं म्हणजे खरं.

मग वहिनींनी बांध काढायला घेतला.

कारखान्यात कोळसा जळायचा. त्याची राख पाण्यात कालवून नळीने टेकडीमागच्या खोलगटात सोडायचे. ती अडवायला मातीचा उंच बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी कामगारांच्या घरांची खालची ओळ. दरवर्षी राख वाढायची, दरवर्षी बांधावर मातीचा आणखी एक थर पडायचा. खाली राहणाऱ्यांना तो बांध वाटायचाच नाही, डोंगर वाटायचा. वहिनींची एकुलती मुलगी, माझी पुतणी, त्या ओळीत तिसऱ्या घरात राहायची. जावई कारखान्यात राखेच्या नळीवर कामाला. घर कारखान्याचं. वहिनींना एकच गोष्ट हवी होती, पोरगी तिथून उठावी. बाकी जे झालं ते सगळं त्यातून झालं.

त्या दर आठवड्याला रस्त्यापलीकडच्या मैलाच्या दगडावर बसून बांध काढायच्या. दगड तोच, बसायची बाजू तीच. हात सरळ धरून, एक डोळा मिटून, कुंचल्याच्या दांड्यावर माप घ्यायच्या. ते चित्र भिंतीच्या वरच्या कडेला एका वितीच्या चौकोनात काढायच्या. चुना देताना ती कडा मात्र सोडायच्या. त्यामुळे चौकोनाशेजारी चौकोन अशी रांग तयार झाली. सगळ्यांत बांध, पायथ्याशी दिव्याचा खांब आणि खांबाशेजारी न्हाव्याचं दुकान. आठ-दहा चौकोन झाल्यावर पहिला आणि शेवटचा पाहिला की दिसायचं, खांब रस्त्याकडे झुकत चाललाय.

न्हाव्याला ते झोंबलं. खालच्या ओळीतलं सगळ्यात चालणारं दुकान त्याचं. जीभही वस्तऱ्यासारखी.

"वहिनी, अक्षरं एवढी सरळ काढता आणि खांब वाकडा?"

"खांब वाकडा आहे."

"मी रोज त्याला सायकल टेकवतो. सरळ आहे."

"रोज बघता म्हणून."

"मग तुमचा चष्मा वाकडा असेल. या दुकानात, आरशात बघून काढा."

लोक हसले. त्याने कोळशाने लिहिलं, 'चित्र काढणाऱ्याने खांबाला टेकून बघावं.' त्याखाली कोणी लिहिलं, 'आणि न्हाव्याने बांधाला टेकून.' आठवडाभर तेच चाललं. पण त्याच आठवड्यात खालच्या ओळीतली दारं चौकटीत अडायला लागली. आधी दोन घरांची, मग सहा. लोकांनी सुताराला बोलावून दारं तासून घेतली. सुताराला बरे दिवस आले. दार का अडतंय, हे कोणी विचारलं नाही. वहिनींनी पुढचं चित्र सुताराचं काढलं, दार आडवं टाकून रंधा मारताना. बातमीदाराने खाली एकच ओळ लिहिली, 'दारं मोठी झाली की चौकटी लहान?'

पुतणी त्या दिवशी माझ्या घरी आली. वहिनीही तिथेच होत्या.

"आई, तू काढतेस आणि आपल्या घरी जातेस. आम्ही तिथे झोपतो."

"म्हणूनच काढते."

"मग नको काढूस. मुकादमाने काल ह्यांना विचारलं, सासूबाईंचा हात बरा आहे ना म्हणून. हसून विचारलं. हसून विचारलं की मला जास्त भीती वाटते."

"माझ्याकडे राहायला ये."

"एका खोलीत पाच जणं? आणि घर सोडलं की नोकरी गेली, हे तुला माहीत नाही का?"

नळाची वेळ झाली म्हणून पुतणी उठली.

सुटीच्या दिवशी न्हाव्याने पाच-सहा जणांना गोळा केलं. दोरखंड, पहार, दोन फावडी. वाकड्या खांबाचा विषय कायमचा संपवायचा होता. मी रस्त्याने चाललो होतो, थांबलो.

"आधी पाया बघा," मी म्हणालो. "खांब का झुकला ते बघितल्याशिवाय ओढू नका."

"तुम्ही परांचीवाले," न्हावी म्हणाला. "तुम्हाला उभं काही बघवतच नाही."

त्यांनी बुंध्याशी खणलं. खड्ड्यात पाणी लागलं, राखाडी, बोटांना साबणासारखं लागणारं. एक जण म्हणाला, नळ फुटला असेल. त्या बाजूला नळ नव्हताच. सगळ्यांनी पाणी पाहिलं आणि सगळ्यांनी त्यावर दगड टाकले. खांब ओढून सरळ केला, दगड ठोकून बसवला. काम जोरात केलं, घाम गाळून केलं. पण चूक काम घाम गाळून केलं तरी चूकच राहतं. ज्या एका गोष्टीवरून बांध सरकतोय हे कळत होतं, तीच त्यांनी सरळ करून टाकली. न्हाव्याने भिंतीवर लिहिलं, 'खांब सरळ केला आहे. आता चित्र सरळ करावं.'

वहिनींनी केलं. पुढच्या चौकोनात खांब सरळ होता, कारण त्यांना सरळ दिसला. बुंध्याचे दगडही काढले. लोक त्यांना चिडवत राहिले. त्यानंतरच्या चौकोनात ठोकलेले दगड जमिनीतून वर आले होते, जसा दात वर येतो. मग खांब पुन्हा झुकला, आधीपेक्षा जास्त. न्हाव्याने सायकल दुसरीकडे लावायला सुरुवात केली.

एका सकाळी कारखान्याचे साहेब गाडीतून उतरले. सगळी भिंत वाचली, कोळशाने लिहिलेलंसुद्धा. चप्पल काढणारा म्हातारा नेमका त्या आठवड्यातही चप्पल काढून गेला होता, तीही पाहिली. आवाज मऊ होता.

"हात फार छान आहे तुमचा. आमच्याकडे पाट्यांचं काम आहे. बांधावर लावायच्या. 'वर चढू नये', 'धोका' वगैरे. बरंच काम आहे. कराल?"

"मजुरी काय?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी सांगितली. चांगली होती. वहिनी हो म्हणाल्या.

बातमीदार त्या दिवशी वजनकाटा सोडून आला. "विकत घेतायत तुम्हाला. एवढंही कळत नाही?"

"पाट्या विकत घेतायत. पाटी लिहिणारीने पाटी लिहायची नाही, तर काय वजन करायचं?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायला अर्धी भिंत ठेवली आहे."

लोक म्हणाले. न्हाव्याचंच अक्षर होतं. 'काळा रंग कोणाच्या पैशाचा?' वहिनींनी त्याखाली आपल्या पाटीच्या अक्षरात उत्तर लिहिलं, 'कारखान्याच्या. पाट्यांच्या मजुरीतून.' पुढच्या वेळी चुना देताना त्यांनी तो प्रश्न आणि ते उत्तर, दोन्ही सोडलं. मी विचारलं, हे कशाला ठेवता? म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे.

पाट्या उभ्या करायला बांबूचे आधार लागायचे, म्हणून मी त्यांच्याबरोबर बांधावर जायचो. खालून डोंगर वाटणारी ती गोष्ट वरून वेगळीच होती. एका बाजूला राखेचा तलाव, सपाट, नजर पोचेपर्यंत करडा. वारा असूनही हलत नव्हता. त्यावर एक पक्षी बसलेला मी कधी पाहिला नाही. नळीतून राख पडतच होती, दिवसभर, एकाच आवाजात.

शेवटच्या पाटीशी वहिनी खाली वाकल्या. बांधाच्या माथ्यावर, लांबीच्या दिशेने एक भेग होती. दोन बोटं मावतील एवढी रुंद, आणि लांबवर गेलेली. त्यांनी खोली बघायला कुंचल्याचा दांडा आत घातला. दांडा जातच राहिला आणि हातातून सुटला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

मग त्या उठल्या आणि खाली बघितलं. खालची ओळ बोटाएवढी दिसत होती. छपरं काडेपेट्यांसारखी. तिसऱ्या घरामागे दोरीवर कोणीतरी लाल घोंगडं वाळत घालत होतं.

"भाऊजी, पोरगी बघा," त्या म्हणाल्या.

मग बसल्या आणि राहिलेली पाटी पुरी केली. 'धोका'ला रंगाचा दुसरा हात दिला, कडा साफ केल्या. काम अर्धं टाकलं नाही. उतरताना मात्र चार वेळा मागे वळून खाली बघितलं. डोळ्यात भरून घेत होत्या.

चित्राचं ठरलं. बातमीचं अडलं. बातमीदाराला नळीवरच्या एका कामगाराने सांगितलं होतं की भेग वरच्यांना माहीत आहे आणि तरी राख सोडणं चालू आहे. पण ते एकच तोंड. दुसरं तोंड मिळेना. जो तो म्हणायचा, मला घर आहे. बातमीदार म्हणाला, चौकट कोरी सोडू. वहिनी म्हणाल्या, या वेळी कोरी नको, थांबू.

दोन दिवसांनी जावई वजनकाट्यावर गेला. तो मुळात कमी बोलणारा. सासूशीही त्याचं बोलणं हो-नाहीपुरतं. उभ्या उभ्या एक वाक्य बोलला. "भेग दाखवल्यावर मला सांगितलं, त्यावर माती टाक." एवढं सांगून कामावर गेला. बातमीदाराने त्याचं नाव लिहिलं नाही. पण नळीवर माणसं थोडी. कोण बोललं असेल, हे शोधायला कोणाला फार डोकं लागणार नव्हतं, आणि जावयाला ते ठाऊक होतं.

ते चित्र वहिनींनी तीन पहाटा काढलं आणि दिवसा ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. वरची चौकोनांची रांग आणि न्हाव्याचा तो प्रश्न सोडून पहिल्यांदाच सगळी भिंत घेतली, लोकांना खाली फक्त एक पट्टी ठेवली. चौथ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला मी ताडपत्री सोडली. वर काळी भेग, तिच्यामागे राख. भेगेपासून उतार असा खाली घसरत गेलेला, की बघणाऱ्याला आपणच माथ्यावर उभे आहोत असं वाटावं. आणि अगदी तळाशी खालची ओळ. प्रत्येक छप्पर ओळखू येत होतं. कोणाच्या पत्र्यावर टायर, कोणाच्या कौलांवर मोडकी खुर्ची. तिसऱ्या घरामागे नखाएवढं लाल घोंगडं.

त्या माणसांनी आपली घरं आजवर दारातूनच पाहिली होती. भोंगा वाजला, कोणी हललं नाही. दुसरा भोंगा वाजला. त्या दिवशी कोणी विनोद केला नाही. न्हावी पुढे आला, खांब शोधला, त्याच्याशेजारी बोट ठेवलं.

"माझं दुकान एवढंच?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक ठेकेदार माझ्या दारात. भिंतीला चुना द्यायचाय, परांची बांध. मी वहिनींकडे गेलो. त्या काजळीचं भांडं धूत होत्या.

"काय करू?"

"बांधा. आणि चांगली बांधा. चुना देणारी आपलीच पोरं आहेत, पडतील."

मी बांधली. नेहमीसारखी, प्रत्येक गाठ दोनदा ओढून. ठेकेदाराने मात्र नेहमीसारखंच केलं. पैसे दोन हातांचे घेतले आणि एकच हात दिला, तोही पाणी मारलेला. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी झाली. बांधाच्या चौकोनांची रांगही गेली, न्हाव्याचा प्रश्नही गेला. साहेबांची गाडी रस्त्यावरून सावकाश गेली.

पहाटे वहिनी नेहमीच्या वेळी भिंतीशी. बादलीत रंग नव्हता, नुसतं पाणी. पाळीचा भोंगा व्हायच्या सुमारास त्यांनी ते भिंतीवर फेकलं. एका हाताचा पातळ चुना ओला झाला की त्यातून आरपार दिसतं. चुन्याचं काम केलेल्या कोणालाही हे माहीत असतं. आधी भेग आली. मग उतार आला. मग खालची घरं. माणसं उभी राहिली. ऊन चढलं तसं चित्र वरून खाली पुसट होत गेलं, घरं सगळ्यात शेवटी.

त्यानंतर वहिनींना बादली आणावी लागली नाही. नळावरून येणाऱ्या बायका आपल्या हंड्यातलं पाणी टाकायच्या. दिवसाचं मोजकं पाणी, त्यातलं भिंतीला. साहेबांनी ठेकेदाराला दुसरा हात द्यायला सांगितलं. ठेकेदार म्हणाला, दुसऱ्या हाताचे पैसे वेगळे. दोन हातांचे आधीच घेतलेत, हे त्याला कबूल करता येईना आणि साहेबांना सोडवेना. त्यांचा तो घोळ मिटलाच नाही, भिंत रोज सकाळी ओली होत राहिली आणि लोक तिच्यासमोर उभे राहून बोलत राहिले. आता लिहायला जागा नव्हती, म्हणून तोंडाने. घर सोडायचं की नाही. सोडलं तर कुठे. पोट की जीव. एक म्हणायचा, एवढी वर्षं नाही पडला. दुसरा म्हणायचा, माझा बापही एवढी वर्षं नाही मेला, मग एक दिवस मेला.

त्या आठवड्यात जावयाला कामावरून काढलं. कारण सांगितलं नाही. महिनाअखेर घर रिकामं करा, एवढंच.

दुसऱ्या सकाळी पुतणी हंडा घेऊन आली. तिने पाणी वर फेकलं नाही, खाली, चित्रातल्या आपल्या घरावर टाकलं. घोंगडं दिसलं. ते वाळून दिसेनासं होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "दिसेनासं व्हायला केवढासा वेळ लागला गं."

तिने रिकामा हंडा उचलला आणि गोदामाच्या दाराकडे बघितलं.

"ह्या गोदामात आत काय आहे?"

"काही नाही. उंदीर."

"आम्ही सगळे मावू?"

वहिनी त्याच दिवशी गोदामाच्या मालकाकडे गेल्या. तो म्हणाला, कारखाना मला विचारेल. मग म्हणाला, फुकट नाही, आणि भाडं सगळं आधी. दोन दिवसांनी किल्ली वहिनींच्या कमरेला होती. पैसे कुठून आले, हे त्या गडबडीत कोणी विचारलं नाही.

मी आत बांबूचे आडोसे बांधले, गोणपाट लावलं. खालची ओळ आली. पुतणी आधी आली म्हणून शेजारीण आली, शेजारीण आली म्हणून तिची जाऊ. कारखान्याची नोटीस आली, घर सोडलेल्यांचं घर रद्द. ती वाचून तीन कुटुंबं परत गेली आणि चार दिवसांत पुन्हा आली. दारं आता तासूनही लागत नव्हती. शेवटी खाली झोपायला कोणी राहिलं नाही.

न्हावीही गोदामात झोपायचा. पण पहाटे उठून दुकान उघडायला खाली जायचा.

"खुर्ची इथे आणा," वहिनी म्हणाल्या. "भिंतीशी बसा. गिऱ्हाईक इथूनच जातं."

"आरशाचं काय? भिंतीत चुन्याने पक्का बसवलाय. काढला तर फुटेल."

"दुसरा घ्या."

"बापाने बसवलाय, वहिनी. अहो, पाळी सुटेपर्यंत तर बसतो. दिवसाढवळ्या बांध मला विचारल्याशिवाय पडायचा नाही."

भाऊबीजेचं नातं नसलं तरी तो वहिनींना मानायचा, हे मला तेव्हा कळलं. रोज खाली जाताना सांगून जायचा, "निघालो, वाकड्या खांबाकडे."

बांध सकाळी फुटला. आभाळ स्वच्छ होतं. वहिनी गोदामाच्या दाराला रंग देत घडवंचीवर होत्या, मी खाली धरून. ट्रकमधून वाळू उतरवल्यासारखा आवाज आला. ट्रक रिकामा होतो, आवाज थांबतो. हा थांबला नाही. वहिनींनी कुंचला बादलीत ठेवला आणि तिकडे तोंड केलं. त्यांनी चित्रात काढलं होतं ते आता घडत होतं, त्याच क्रमाने. आधी भेग, मग उतार, मग घरं. राख गोदामाच्या रस्त्यापर्यंत आली आणि थांबली. खालच्या ओळीची छपरंही दिसत नव्हती. खांबाचा दिवा तेवढा राखेबाहेर होता.

न्हावी चौथ्या दिवशी सापडला. खुर्चीजवळच होता. आरसा फुटला नव्हता.

मग गाड्या आल्या, कॅमेरे आले, मोठमोठी वर्तमानपत्रं आली. बातमीदाराने सगळ्यांना तीच चार वाक्यं सांगितली, एकही वाढवलं नाही. चौकशीवाल्यांनी भिंत ओली करून मागितली. वहिनींनी ओली करून दाखवली. वरच्या कडेची चौकोनांची रांग चौकशीवाल्यांनी एकामागून एक उतरवून घेतली, सरळ केलेला खांबसुद्धा. साहेबांची बदली झाली, म्हणतात. नक्की माहीत नाही; एकाच तोंडून ऐकलं.

पुढे वहिनींनी भिंतीला चुना दिला, नीट, दोन हात. एक जागा सोडली. तिथे ठेकेदाराचा पातळ चुना तसाच आहे. पाणी मारलं की न्हाव्याचं अक्षर दिसतं, 'काळा रंग कोणाच्या पैशाचा?' लोक अजून पाणी मारतात. त्यावरून अजून बोलणं होतं, कधी भांडण. वहिनी त्यात पडत नाहीत.

दुकान झालं नाही. दुकानासाठी वर्षानुवर्षं बाजूला टाकलेली मजुरी आणि बांधावरच्या पाट्यांची मजुरी, दोन्ही मिळून गोदामाचं भाडं झालं. हे मला किल्ली आल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं, तेही पुतणीच्या खोलीला एक आडोसा कमी पडला तेव्हा. दुकानाचे पैसे भाड्यात गेले, एवढंच म्हणून वहिनी घरी गेल्या आणि दुकानाची पाटी उचलून घेऊन आल्या. मी ती बांबूला बांधली, प्रत्येक गाठ दोनदा ओढून. कोणत्या बाजूला तोंड करू, विचारलं.

"आतल्या बाजूला," त्या म्हणाल्या. "पोरीला बघायला राहील."